गव्हाणी घुबडाला दिसतंय की नाही, हे तपासायचं कसं?

गोठा_ते_घरटं | सोमवार, रात्री १०:१५

मंडळी, मी मुळात ढोरांचा डॉक्टर. यावल तालुक्यात प्रॅक्टिस. गाय अडली, म्हैस फुगली, बैलाचा खांदा सुजला, यातच माझे दिवस जातात. पक्षी म्हटला तर कोंबडी. त्यामुळे पुढचा प्रश्न बाळबोध वाटला तर हसा, पण उत्तर द्या.

परवा रात्री केळीची गाडी खाली करून परतणाऱ्या दोन पोरांना भुसावळ रस्त्याच्या कडेला गव्हाणी घुबड बसलेलं दिसलं. जवळ गेले तरी उडेना. त्यांनी टॉवेल टाकून उचललं, खोक्यात ठेवलं आणि साडेअकराला माझ्या दारात हजर. वनखात्याला तेव्हाच कळवलं. सकाळी वनरक्षक येऊन नोंद करून गेले, उपचार तुमच्याकडेच चालू द्या म्हणाले.

वजन ३१० ग्रॅम. पंख, पाय शाबूत. डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला रक्त साकळलेलं. आता माझी अडचण ऐका. बॅटरी मारली तर बाहुली कुठे संपते आणि बुबुळ कुठे सुरू होतं तेच कळेना, दोन्ही सारखेच काळेभोर. भिंग लावून पाहिलं. उजव्या डोळ्यात उजेड टाकला की बाहुली आवळते, आणि उजेड तसाच असताना पुन्हा सैल होते. आपल्याकडे पाहून मजा करतंय असं वाटावं! डाव्या डोळ्यात उजेड टाकला तर उजवी बाहुली किंचित हलते. म्हणजे डावी नस चालू आहे असं समजून मी खूश.

मग आत बघायचं म्हणून बाहुली मोठी करणारे अ‍ॅट्रोपिनचे थेंब टाकले. अर्धा तास, एक तास, बाहुली जिथल्या तिथे. बाटली जुनी असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याच बाटलीचा एक थेंब डोळा आलेल्या कुत्र्याला टाकला, तर त्याची बाहुली बांगडीएवढी उघडली. म्हणजे बाटलीत खोट नाही.

डोळ्यासमोर हात नेला की घुबड कधी फिस्स करतं, कधी मख्ख बसून राहतं. यातून मी काय समजायचं? त्याला दिसतं का?

---

पांझराकाठ | सोमवार, रात्री १०:५०

डॉक्टरसाहेब, आधी वनखात्याला कळवलंत हे फार बरं केलंत. इतर वाचकांसाठी लिहितो: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घुबड, घार, शिक्रा काहीही परस्पर घरी ठेवता येत नाही, 'बरं करण्यासाठी' सुद्धा नाही. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. तोवर भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तळाला जुना टॉवेल, खोलीत अंधार. पाणी पाजायचं नाही, दूध तर नाहीच. धुळ्यात एकांनी जखमी घारीला चमच्यानं दूध पाजलं होतं. घार नाकातोंडात दूध जाऊन गेली, मांज्याच्या जखमेनं नव्हे.

आणि फोटो टाकू नका. दिवाळी होऊन गेली तरी जादूटोण्यासाठी घुबडाचं गिऱ्हाईक बारा महिने असतं.

डोळ्याचं मला कळत नाही. वाचतोय.

---

नेत्रपक्षी | मंगळवार, सकाळी ७:३०

गोठा_ते_घरटं, हसण्यासारखं काही नाही. मी पशुवैद्यक आहे, डोळ्यांचंच काम करतो, आणि पहिल्या शिकारी पक्ष्याच्या वेळी मीही हेच सगळं केलं होतं, अ‍ॅट्रोपिनसकट.

गाय, कुत्रा, माणूस यांच्या बुबुळाचा स्नायू आपोआप चालणारा असतो. पक्ष्यांच्या बुबुळाचा स्नायू हातापायांच्या स्नायूंच्या जातीचा, म्हणजे बराचसा त्यांच्या मर्जीतला. म्हणून अ‍ॅट्रोपिन, ट्रोपिकामाइड यांचा त्यावर परिणाम होत नाही. आणि म्हणूनच उजेड चालू असताना बाहुली पुन्हा सैल होते. घाबरलेला, चिडलेला पक्षी ती हवी तशी उघडतो-मिटतो. बाहुली हलली म्हणजे दिसतंय असं नाही, आणि हलली नाही म्हणजे आंधळा असंही नाही.

आता ती डावीकडून उजवीकडे गेलेली 'प्रतिक्रिया'. माणसात एका डोळ्यात उजेड टाकला की दोन्ही बाहुल्या आवळतात, कारण दोन्ही नसांचे धागे मेंदूत वाटले जातात. पक्ष्यांत एका डोळ्याचे जवळपास सगळे धागे पलीकडच्या बाजूला जातात, वाटणी नाही. त्यामुळे खरी सह-प्रतिक्रिया नसतेच. मग उजवी बाहुली का हलली? दोन डोळ्यांच्या मधलं हाड कागदासारखं पातळ असतं. तुमच्या बॅटरीचा उजेड आरपार जाऊन उजव्या डोळ्यात मागून पडला. त्यावरून डाव्या नसेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तुमची खुशी मागे घ्या.

हात समोर नेण्याची तपासणी शिकारी पक्ष्यांत फसवी असते. काही धडधाकट पक्षीही मख्ख बसतात. उलट तुमच्या हातानं वारा लागतो, बाहीचा आवाज होतो आणि आंधळं घुबडसुद्धा दचकतं. करायचीच तर मध्ये काच किंवा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा धरा, दुसरा डोळा झाका, हात बाजूनं आणा. मानेकडे बघू नका, तिसऱ्या पापणीकडे बघा. ती पांढुरकी पापणी नाकाच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी सर्रकन येते. कित्येकदा तेवढंच उत्तर मिळतं.

आणि एक युक्ती, जी पुस्तकात वाचली तरी स्वतः केल्याशिवाय विश्वास बसत नाही. घुबडाच्या चेहऱ्याच्या कडेची पिसं हलकेच बाजूला करा, कानाचं मोठं भोक दिसेल. त्यात बारीक बॅटरी धरली की डोळ्याच्या गोळ्याची मागची बाजू दिसते. हो, कानातून डोळा! तिथे रक्त साकळलंय का पाहा. गाडीच्या धडकेत ते बरंच काही सांगतं.

आत बघायला थेंबांची गरजही नाही. खोली पूर्ण अंधारी करा, दहा मिनिटं थांबा, उजेड अगदी मंद ठेवा. घुबडाची बाहुली आपणहून मोठी होते.

थेंब कुठले चालू आहेत ते सांगा. डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड, असेल तर आजच बंद करा. ३१० ग्रॅमच्या जिवात डोळ्यातला थेंब अंगभर पोचतो, प्रतिकारशक्ती बसते आणि फुप्फुसात बुरशी धरते.

---

गोठा_ते_घरटं | मंगळवार, सकाळी ८:०५

डेक्सा दोन वेळा टाकलं होतं. बंद केलं. आता सूज-दुखण्यावर मेलॉक्सिकॅम देतो. कानातून डोळा! वीस वर्षं झाली डॉक्टरकी करून, हे पहिल्यांदा ऐकलं.

---

पांझराकाठ | मंगळवार, सकाळी ८:२०

मेलॉक्सिकॅम म्हटल्यावर बरं वाटलं. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद झालं ते गिधाडांपायी, आणि मेलॉक्सिकॅम तेव्हापासूनचा सुरक्षित पर्याय. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसेक्लोफेनॅकवरही बंदी आली. तरी कुणाच्या कपाटात जुना साठा असेल तर ढोरांनाही देऊ नका. मेलेलं ढोर शेवटी कुणी ना कुणी खातंच.

---

उगाच_शंका | मंगळवार, दुपारी १२:४०

मला एक सांगा, हे गरुडाची नजर माणसाच्या इतके पट वगैरे जे छापतात, ते मोजतात कसं? भिंतीवर 'अ आ इ' लावून विचारतात, की घुबडराव, खालची ओळ वाचा?

---

नेत्रपक्षी | मंगळवार, रात्री ९:१०

शंका उगाच नाही. जवळजवळ तसंच करतात, फक्त अक्षरांऐवजी रेघा. दोन फळ्या. एकीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, दुसरीवर तेवढाच उजळ सपाट करडा रंग. पट्ट्यांच्या फळीवर गेलं की मांसाचा तुकडा. पक्षी शिकला की पट्ट्या बारीक करत जायचं. ज्या जाडीला तो चुकायला लागतो तिथे त्याची मर्यादा. ऑस्ट्रेलियातल्या वेज-टेल्ड ईगलवर असं काम झालं, ते १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. भर उजेडात त्याची नजर माणसाच्या दुपटीहून थोडी अधिक भरली. 'आठ पट' वगैरे विसरा. आणि उजेड कमी झाला की गरुडाची ही मिजास झपाट्यानं उतरते.

घुबडाचं तर उलटंच. बारकावे टिपण्यात घुबड माणसापेक्षा बरंच मागे आहे. त्याची करामत अपुऱ्या उजेडात काम भागवण्याची. डोळा गोल नाही, नळीसारखा, भोवती हाडांच्या चकत्यांचं कडं, त्यामुळे खोबणीत फिरत नाही. म्हणून मान एवढी फिरते.

पण दवाखान्यात आलेल्या पक्ष्यावर ही पट्ट्यांची परीक्षा घेता येत नाही, शिकवायलाच महिने जातात. आपल्याला नंबर नको, आपला प्रश्न एवढाच, की हा पक्षी सोडला तर पोट भरेल का.

---

केळीबाग | मंगळवार, रात्री १०:००

काय भो, धागा वाचून मजा आली. मी रावेरकडचा. मनी माय सांगे, घुबडना डोयामा देखानं नई. आणि दगड तर मारायचाच नाही, तो दगड घुबड नदीवर नेऊन घासतं, दगड झिजतो तसा माणूस झिजतो. लहानपणी या भीतीनं आम्ही घुबडाला कधी दगड मारला नाही. घुबडाचं भलंच झालं म्हणा.

एक विचारू का डॉक्टर? आमच्याकडे गहू-हरभऱ्यात उंदीर झाले की ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकतात. मीपण टाकल्या मागल्या वर्षी. त्यानं उंदराला आतून रक्त सुटतं असं दुकानदार बोलला. मग तो उंदीर घुबडानं खाल्ला तर त्याच्या डोळ्यात रक्त येणार नाही का? गाडीच लागली हे कशावरून?

---

नेत्रपक्षी | मंगळवार, रात्री १०:२५

हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. हो, येऊ शकतं. ती वडी रक्त गोठू देत नाही, आणि विष उंदरातून घुबडात जातं. डॉक्टर, पायाच्या नखाच्या टोकाशी अगदी बारीक टोचून पाहा, रक्त किती वेळात थांबतं. चिळकांडी चालूच राहिली तर व्हिटॅमिन के-१ सुरू करा, वाट पाहू नका.

---

गोठा_ते_घरटं | बुधवार, सकाळी ९:३०

टोचलं. दोन मिनिटांच्या आत थांबलं. अंगावर दुसरीकडे कुठे रक्ताचा डाग नाही. टाळूचा रंग ठीक. केळीबाग भाऊ, तुमचा संशय या वेळी खरा नाही, पण यापुढे डोळ्यात रक्त असलेला कुठलाही पक्षी आला की मी आधी टोचणार.

रात्री पिसं बाजूला करून कानातून पाहिलं. डावीकडे डोळ्याच्या मागे काळसर-लाल साकळलेलं, वाटाण्याहून लहान. उजवीकडे स्वच्छ, निळसर-करडं. माझी बायको बॅटरी धरून उभी होती. ती म्हणाली, अहो हा डोळा आहे की जांभूळ!

मग मी माझी परीक्षा घेतली. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. एकेक बोंड सरकी काढून पिंजून घेतलं, म्हणजे पडताना आवाज होणार नाही. उजवा डोळा उघडा, डावा कागदी टेपनं झाकलेला: दर वेळी मानेनं बोळ्याचा पाठलाग. मग उलट केलं, फक्त डावा उघडा. बोळा नाकासमोरून खाली गेला, घुबड समोर बघत राहिलं. सहा वेळा केलं. सहाव्या वेळी किंचित मान हलली, पण तेव्हाच बाहेर म्हैस ओरडली.

---

चष्मेवाला | बुधवार, दुपारी ३:१५

नमस्कार. मी माणसांचा डोळ्यांचा डॉक्टर, जळगावात. घुबड कधी तपासलं नाही, पण डोळा मोठा करून पाहायचा स्लिट लॅम्प आहे, बी-स्कॅन म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी आहे, हातात धरायचं दाब मोजायचं यंत्रही आहे. शुक्रवारी रात्री नवानंतर ओपीडी रिकामी असते. वनखात्याची परवानगी घेऊन आणता का? पेशंट केसपेपरवर काय नाव लिहायचं ते तेवढं सांगा.

---

गोठा_ते_घरटं | शनिवार, सकाळी ७:००

नेलं होतं. चष्मेवाला साहेबांचे आभार किती मानू! त्यांनी चहा पाजला, घुबडाला नाही.

मी टॉवेलात गुंडाळून पाय मुठीत धरले, त्यांनी स्लिट लॅम्प लावला. नारिंगी पट्टी टाकून निळ्या उजेडात पाहिलं. डाव्या कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, खालच्या कडेला तांदळाएवढा हिरवा डाग, म्हणजे ओरखडा. दाब उजव्या डोळ्यात ११, डाव्यात ६. पुढचं त्यांनीच लिहावं, कारण पुढे एक गंमत झाली आणि ती त्यांची आहे.

---

चष्मेवाला | शनिवार, दुपारी १:३०

गंमत कसली, माझी फजिती. डाव्या डोळ्यात रक्त असल्यानं आतलं काही दिसेना, म्हणून मिटल्या पापणीवर जेल लावून बी-स्कॅन केला. पडद्यावर नसेच्या जागेपासून भिंगाच्या दिशेनं वर आलेलं एक जाड, चमकदार काहीतरी. तीस वर्षं माणसांचे डोळे पाहतोय. मी म्हटलं, रेटिना, म्हणजे मागचा पडदा, सुटलाय, गेला हा डोळा. डॉक्टरांचा चेहरा पडला.

मग सहज म्हणून उजव्या, चांगल्या डोळ्याचा स्कॅन केला. तिथेही तेच! तेव्हा ट्यूब पेटली. खोलीत अंधार करून उजव्या डोळ्यात ऑफ्थॅल्मोस्कोपनं पाहिलं. मागचा पडदा नारिंगी-लाल, आणि खाली काळीकुट्ट, चुण्या पडलेली, कंगव्यासारखी वस्तू नसेवर उभी. रेटिनावर एकही रक्तवाहिनी नाही. माणसात असं दिसलं असतं तर मी धावतच सुटलो असतो.

---

नेत्रपक्षी | शनिवार, दुपारी २:००

फजिती नाही साहेब, प्रत्येक माणसांच्या डॉक्टरला हा धक्का बसतो. ती पेक्टेन. लॅटिनमध्ये पेक्टेन म्हणजे कंगवाच. पक्ष्यांच्या रेटिनावर रक्तवाहिन्या नसतात, पोषण बरंचसं या चुणीदार गुच्छातून पाझरतं. धडक बसली की बहुतेकदा इथूनच रक्त सुटतं. चांगल्या डोळ्याशी ताडून पाहिलंत, तेच बरोबर. एरवी पेक्टेनलाच सुटलेला रेटिना समजून पक्षी नापास होतात.

दाबाच्या आकड्याचं: यंत्र माणसाच्या डोळ्यासाठी जुळवलेलं आहे, त्यामुळे ११ ला फार पवित्र मानू नका. शिवाय जातीजातीत फरक. खरुचीसारख्या छोट्या ससाण्यात १० च्या आसपास ठीक, समुद्री गरुडात २५ च्या पुढे गेला तरी ठीक. पण दोन डोळ्यांत जवळपास दुपटीचा फरक, तोही दुखऱ्या डोळ्यात कमी, म्हणजे आत सूज आहे. मेलॉक्सिकॅम चालू ठेवा, ओरखड्यासाठी प्रतिजैविकाचे थेंब.

रेटिना काम करतोय का, याचं नेमकं उत्तर ईआरजी देतं. उजेडाला रेटिना विजेचा किती झटका देतो ते त्यात मोजतात. पण त्यासाठी भूल आणि यंत्र दोन्ही लागतं, आणि रेटिना चांगला निघाला तरी पुढची नस शाबूत आहे का, हे तो आलेख सांगत नाही. तुमच्या पेशंटला मी आता तीन आठवडे शांतता लिहून देईन.

---

शहाद्याची_मास्तरीण | शनिवार, रात्री ८:४५

सर, धागा वर्गात वाचून दाखवला. सातवीच्या मुलांनी एकमेकांच्या डोळ्यात बॅटरी मारून दोन्ही बाहुल्या आवळतात का ते पाहिलं. (लेझर नव्हता, काळजी नसावी.)

आमच्याकडे घुबड म्हटलं की अभिमानाची गोष्ट असते. १८८४ नंतर ज्याचा पत्ता नव्हता तो रानपिंगळा १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना आमच्या शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसला. तो भर दिवसा फिरतो. माझा प्रश्न असा, की अशा दिवसा शिकार करणाऱ्या घुबडाचा डोळा गेला तर त्याची परीक्षा गव्हाणीसारखीच घ्यायची का?

---

नेत्रपक्षी | रविवार, सकाळी ७:१५

ताई, नाही. दिवसा नजरेवर शिकार करणाऱ्याला डोळ्यांची गरज जास्त. शिक्रा, ससाणा, गरुड यांच्या रेटिनावर बारीक पाहण्याच्या दोन जागा असतात, एक बाजूनं पाहायला, एक समोर पाहायला. म्हणून शिक्रा मान तिरकी करून एका डोळ्यानं निरखतो आणि झेप घेताना दोन्ही वापरतो. त्यांच्यात एक डोळा गेला की अंतराचा हिशोब चुकण्याचा धोका मोठा. घुबडांत बहुधा अशी एकच जागा असते. गव्हाणीकडे मात्र एक जास्तीचा पत्ता आहे. त्याकडे येऊच.

---

उगाच_शंका | रविवार, सकाळी ११:००

खरुचीला म्हणे उंदराच्या मुताचा माग अतिनील रंगात चमकताना दिसतो. मग तीच परीक्षा घ्या ना, मूत शिंपडून!

---

पांझराकाठ | रविवार, सकाळी ११:३०

तो शोध १९९५ चा, फार गाजला. २०१३ मध्ये शिकारी पक्ष्यांच्या डोळ्याचं भिंगच अतिनील किरण अडवतं असं दाखवलं गेलं आणि त्या गोष्टीची हवा बरीच गेली. वाहिन्यांवर अजून चालूच आहे.

---

गोठा_ते_घरटं | (चार आठवड्यांनी) रविवार, रात्री ११:२०

उशिराबद्दल माफी. लाळ्या-खुरकुताचं लसीकरण चालू होतं.

ओरखडा भरला. दाब आता ११ आणि ९. रक्त बरंच शोषलं गेलं, पण डाव्या भिंगावर पांढुरका ठिपका आलाय. वजन ३५५.

एका शेतकऱ्यानं रिकामी कांदा चाळ दिली. सगळीकडून शेडनेट मारलं, आत तीन आडव्या बल्ल्या, मध्ये सुती दोऱ्या लोंबत्या. मंद उजेडात घुबड बल्लीवरून बल्लीवर गेलं, दोरीला पंख लागला नाही. उजवीकडून आणि डावीकडून, दोन्ही बाजूंनी उडवून पाहिलं. बसताना एकदा पाय बल्लीच्या अलीकडे पडला, सावरलं.

मग आज कसोटी. खाली वाळलेली केळीची पानं पसरली. पिंजऱ्यात सापडलेला, विष न खाल्लेला घरचा उंदीर सोडला. दिवा मालवला. मी बाहेर कान लावून. पानं खसखसली, मग काही नाही, मग एकदम धप्प. बॅटरी लावली तर उंदीर पायात! दुसरा सोडला, तोही गेला. मंडळी, घुबड पास!

---

केळीबाग | रविवार, रात्री ११:२८

जिंकलं भो! भरीत-पुरीची पार्टी.

---

नेत्रपक्षी | सोमवार, सकाळी ६:५०

अभिनंदन. पण डॉक्टर, तुम्ही डोळे तपासले नाहीत, कान तपासलेत.

रॉजर पेन या संशोधकांनी बरोबर हेच केलं होतं, ते काम १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं. उजेडाचा कण नसलेली खोली, जमिनीवर पानं, उंदीर. गव्हाणी घुबडानं अंधारात अचूक उंदीर पकडला. मग त्यांनी कागदाचा बोळा ओढला, खसखस बोळ्याची होऊ लागली. घुबडानं झडप घातली ती बोळ्यावर. दोन कान खाली-वर बसवलेले, त्यामुळे आवाज किती उंचावरून येतो तेही त्याला कळतं. तुमची केळीची पानं म्हणजे नापास होण्याची सोयच नव्हती.

आता उलट करा. पानं उचला, जमीन ओली करून गोणपाट अंथरा. मंद उजेड ठेवा. मेलेला उंदीर दोऱ्याला बांधून अजिबात आवाज न करता ओढा. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.

---

उगाच_शंका | सोमवार, सकाळी १०:१०

जिवंत उंदराची परीक्षा मला पटत नाही. उंदराला कोण विचारणार?

---

गोठा_ते_घरटं | सोमवार, दुपारी २:००

मलाही बरं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. पण न तपासता सोडलं आणि आठ दिवसांत उपाशी मेलं, तर ते कुणालाच दिसणार नाही, एवढाच फरक. दोनच सोडले. यापुढे मेलेलाच ओढणार.

---

गोठा_ते_घरटं | गुरुवार, रात्री १०:४०

केलं. गोणपाट भिजवून अंथरलं, दोरा शिवणकामाचा काळा, उंदीर शीतपेटीतला गरम पाण्यात टाकून मऊ केलेला. उजवीकडून ओढला: चारपैकी चार. डावीकडून: पहिल्या दोन वेळा ढिम्म. तिसऱ्या वेळी उंदीर मध्यापर्यंत आला तेव्हा त्यानं सगळा चेहरा फिरवला, दोनदा मान डावी-उजवी डोलवली आणि उडी टाकली. पंजा वीतभर अलीकडे पडला, दुसऱ्या झडपेत धरला. चौथ्यांदा नीट.

म्हणजे माझा अंदाज: डावा डोळा निकामी किंवा फार तर उजेड-अंधार ओळखणारा, आणि पक्ष्यानं ते ओळखून मान फिरवायला सुरुवात केलीय.

---

नेत्रपक्षी | शुक्रवार, सकाळी ७:०५

तुमच्या अंदाजाशी सहमत. एका डोळ्याचा पक्षी सोडावा की नाही यावर आमच्यातच दोन तट आहेत. शिक्रा असता तर मी नाही म्हटलं असतं. गव्हाणी, कान शाबूत, उड्डाण स्वच्छ, आंधळ्या बाजूची भरपाई करायला शिकलेला. माझं मत सोडा. जिथे सापडला तिथेच, पण रस्त्यापासून लांब. त्याला तिथली खळी, विहिरी पाठ असतील. शेवटचा शब्द वनखात्याचा.

---

गोठा_ते_घरटं | (नऊ दिवसांनी) रविवार, सकाळी ८:००

काल सूर्यास्तानंतर वनरक्षकांसोबत सोडलं, रस्त्यापासून दोन किलोमीटर आत, तापीच्या बाजूला. खोकं आडवं करून झाकण उघडलं आणि मागे सरकलो. पाच मिनिटं आतच. मग दारात येऊन उजवा डोळा आमच्याकडे केला, फिस्स केलं, उडालं. विजेच्या खांबाला वळसा घालून गेलं. खांब डाव्या बाजूला होता, हे मी मुद्दाम पाहिलं.

---

केळीबाग | (दीड महिन्यानं) बुधवार, रात्री ९:३५

डॉक्टर, त्या भागात माझ्या साडूचं शेत आहे. त्याच्या विहिरीच्या कपारीखाली काळे चकाकते गोळे सापडतात, अंगठ्याएवढे. फोडले तर आत केस आणि हाडं. रात्री फिस्स आवाज येतो म्हणे. आपलंच का ते? साडूला यंदा वड्या टाकू देत नाही मी.

---

गोठा_ते_घरटं | बुधवार, रात्री १०:१०

आपल्याच्या पायात कडी नव्हती, त्यामुळे तेच की दुसरं, गोळ्यावरून सांगता येणार नाही. पण गव्हाणीचेच दिसतात. चार-पाच गोळे पाठवा, कवट्या मोजू. कागदाच्या पुडीत बांधा भाऊ, प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.